तळणाचे तेल आणि कळीचा चुना : प्रस्तावना

दिवाळीचा फराळ तळून झाल्यावर कढईत जे तेल उरते त्याची व्यवस्था आपल्याकडील गृहिणी पिढ्यानपिढ्या एका ठरलेल्या शिरस्त्याने लावीत आली आहे : ते रात्रभर निवू द्यावयाचे, सकाळी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावयाचे, तळाशी बसलेला चकली-शेवेचा करपट चुरा टाकून द्यावयाचा आणि वरचे निवळ तेल रोजच्या फोडणीला घालून चार-आठ दिवसांत संपवावयाचे. घरगुती जमाखर्चात हे तेल शिल्लक म्हणून कधी दिसतच नाही. परंतु वडे, भजी, फरसाण, वेफर्स यांच्या दुकानांतून ज्या कढईखालचा जाळ पहाटे पेटतो तो रात्री शेवटचे गिऱ्हाईक गेल्याखेरीज विझत नाही, आणि ज्या कढईत आटलेल्या जुन्या तेलावर नव्या तेलाची भर दिवसचे दिवस पडत राहते, त्या कढईतील तेलाचा हिशेब निराळा आहे. आणि तो फारच थोड्या दुकानांच्या रोजकीर्दीत नीट मांडला जातो, ही गोष्ट मला गेली अनेक वर्षे अस्वस्थ करीत आली आहे. प्रस्तुत पुस्तक त्या अस्वस्थतेतून लिहिले गेले.

असे तेल एकदा जवळून पाहावे. त्याचा रंग फार वेळ उकळलेल्या चहासारखा झालेला असतो; कढईच्या काठाला राळेसारखा चिवट, पिवळट थर धरलेला असतो; झारा बुडवून वर उचलला तर थेंब सुटा पडत नाही, तार धरून उतरतो; आणि तापू लागताच पृष्ठभागावर जो बारीक फेस चढतो तो काही केल्या विरत नाही. पदार्थातील पाणी तापलेल्या तेलात शिरून स्निग्धाचे रेणू फोडते व त्यांतून मेदाम्ले मोकळी होतात, वरून हवेतील प्राणवायू आपले काम करीत असतो, आणि अर्धवट बिघडलेले रेणू एकमेकांना चिकटून मोठे होत जातात. खवटपणा, काळेपणा आणि दाटपणा ही या तीन व्यापारांची बाहेरून दिसणारी लक्षणे होत. या बिघाडाचे एक माप म्हणून तेलातील ध्रुवीय संयुगे मोजण्याची पद्धत आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून या संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली; तीपलीकडे गेलेले तेल अन्नासाठी वापरता येत नाही. रोज ५० लिटरांहून अधिक तेल तळणासाठी खर्च करणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी व उरलेले तेल अधिकृत संग्राहकाच्या हवाली करावे, असाही जाबता झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ‘रुको’ या नावाची योजना वापरलेले तेल इंधनाकडे वळविण्यासाठी जाहीर करण्यात आली. हुकूम निघाला हे उत्तमच झाले. तथापि मोठ्या कढईतून निघालेले तेल डब्यांत भरून कमी दराने लहान गाड्यांवर जाते आणि तेथे गरिबाच्या पोटात उतरते, ही वाट नुसत्या हुकुमाने बंद होत नसते. त्या डब्याला गाडीवाल्यापेक्षा चांगला भाव देणारे कोणी तरी उभे राहिले, तरच ती बंद होईल. तेलाचे इंधन करणारी विद्या मला महत्त्वाची वाटते ती प्रथम या कारणासाठी. डिझेलची बचत हा माझ्या लेखी त्यानंतरचा लाभ आहे.

वनस्पतिजन्य तेलावर इंजिन चालविण्याची कल्पना नवी नाही. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीचे एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. फ्रान्सच्या आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिकत असल्यामुळे त्या सरकारला तेथल्या तेथे इंधन मिळावे अशी इच्छा होती, आणि खुद्द रुडॉल्फ डीझेलने पुढे १९१२ च्या सुमारास या प्रयोगाची आठवण लिहून ठेवली आहे. पण कच्चे तेल डिझेलच्या सुमारे दसपट दाट असते. ते सूक्ष्म छिद्रातून नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते आणि इंजिनात काजळी व राळ साठविते. हा दाटपणा रासायनिक उपायाने मोडावा, ही तजवीज ज्याने अधिकृत दस्तऐवजात प्रथम स्पष्टपणे नमूद केली तो ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान नावाचा शास्त्रज्ञ होय. त्याचे पेटंट १९३७ चे आहे, आणि पुढल्याच वर्षी पामतेलापासून त्याच्या रीतीने बनविलेल्या इंधनावर ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर उतारूंची बसगाडी धावली. बायोडिझेल हे नाव तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

या क्रियेचे मर्म सांगणे अवघड नाही. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका आखूड कण्याला जोडलेल्या तीन लांब मेदाम्लांच्या शृंखला. हे तीन हात एकत्र बांधलेले असल्यामुळेच तेल दाट असते. मिथेनॉलचे तीन रेणू पुढे येऊन एकेका शृंखलेला आपल्याकडे ओढून घेतात, कणा रिकामा होऊन ग्लिसरीन म्हणून तळाशी जातो, आणि सुट्या झालेल्या शृंखलांचे जे एस्टर वर तरंगतात तेच बायोडिझेल. ताळेबंद मांडावयाचा तर १०० किलो तेलाला जवळजवळ ११ किलो मिथेनॉल खर्ची पडते आणि जमेच्या बाजूस सुमारे १०० किलो इंधन व साडेदहा किलोंच्या आसपास ग्लिसरीन येते. मात्र क्रिया पुढच्या दिशेने रेटण्यासाठी प्रत्यक्षात मिथेनॉल दुपटीने किंवा त्याहूनही अधिक घालावे लागते आणि उरलेले मागाहून परत मिळवावे लागते. नुसते तेल व मिथेनॉल एकत्र तापवीत बसले तर साध्या उष्णतेवर दिवस गेला तरी फारसे काही घडत नाही. मध्यस्थ लागतो, आणि मध्यस्थ कोण असावा, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

रूढ मध्यस्थ म्हणजे कॉस्टिक सोडा, किंवा त्याचा भाऊबंद कॉस्टिक पोटॅश. ताज्या, शुद्ध तेलाशी त्याचे उत्तम जमते : तेलाच्या शंभर भागांस एक भाग सोडा मिथेनॉलात विरघळवून घातला की साठ अंशांच्या उष्णतेवर तासाभरात काम फत्ते होते. परंतु तेलात मोकळी मेदाम्ले शंभरात अर्ध्या-एका भागाहून अधिक असली की सोडा आपले नेमून दिलेले काम सोडून त्या आम्लांच्या मागे लागतो आणि साबण तयार होतो. माझा पहिला प्रयोग असाच गेला. एका फरसाणवाल्याकडून आणलेल्या तेलात मोकळी आम्ले शंभरात सहा भाग आहेत हे मी मोजून पाहिले होते, तरीही सोडा थोडा अधिक घातला म्हणजे निभावेल या समजुतीने मी तो वाढविला. अर्ध्या तासाने ढवळणीचा वेग मंदावला; भांड्यातील द्रव खळीसारखा घट्ट झाला; आणि रात्रभर नरसाळ्यात उभा करून ठेवलेला तो गोळा सकाळी पाहिला तेव्हा वर इंधन नाही, खाली ग्लिसरीन नाही, सगळा एकच तपकिरी, बुळबुळीत लगदा झालेला होता. कपडे धुण्याच्या साबणाला लागते तेच सगळे साहित्य मी एकत्र केले होते, आणि साबण होणे हाच त्या साहित्याचा धर्म होता. अशा तेलाला आधी गंधकाम्लाने आम्ले मारून मग सोड्याने पुढचे काम करण्याची दुहेरी रीत आहे व ती कारखान्यांत चालते. पण तीत आम्ल निववावे लागते, सोडा निववावा लागतो, इंधन पाण्याने पुनःपुन्हा धुवावे लागते, आणि ते साबणमिश्रित, क्षारयुक्त पाणी कोठे सोडावे हा प्रश्न उरतोच. एक घाण निस्तरताना दुसरी उत्पन्न करणाऱ्या या व्यवहाराने माझे समाधान होईना.

मध्यस्थाने काम करावे आणि त्यात विरघळून जाऊ नये, वेळ संपताच गाळून बाजूला काढता यावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर करता यावे, ही अपेक्षा ज्या पदार्थांकडून बाळगता येते त्यांना घन उत्प्रेरक म्हणतात. बर्झीलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने उत्प्रेरणाच्या व्यापाराला १८३५ साली नाव दिले, तेव्हा त्याच्यापुढे असलेल्या उदाहरणांत प्लॅटिनमसारख्या घन धातूच्या पृष्ठावर घडणाऱ्या क्रियाही होत्या. आणि तेल व घन उत्प्रेरक यांची गाठ तर आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळ, पूर्वीच पडलेली आहे. शिवडीच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात ज्या वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले, ते द्रव तेलात बारीक निकेल मिसळून व हायड्रोजन सोडून केले जाई आणि काम झाल्यावर निकेल गाळून काढले जाई. या विद्येचा पाया घालणाऱ्या साबात्ये या फ्रेंच शास्त्रज्ञास १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. ज्या आजीने ‘डालडा’ वापरला तिने घन उत्प्रेरकाचे काम अजाणता हाताळलेले आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, आणि मग तो शब्द त्यांना तितकासा परका वाटत नाही.

आता चुन्याकडे वळतो, कारण या पुस्तकात सर्वांत अधिक पाने त्याने व्यापली आहेत. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठचे शिंपले भट्टीत भाजून चुना काढण्याचा धंदा जुना आहे. मुंबईत तर एका उपनगराचे नावच चुनाभट्टी पडून गेले. शिंपला असो, चुनखडीचा दगड असो की अंड्याचे कवच असो, तिन्हींचे मुख्य द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. ते आठशे-नऊशे अंशांवर भाजले की कर्बवायू निघून जातो आणि १०० किलोंमागे ५६ किलो कळीचा चुना उरतो. पाण्याचा थेंब पडताच फुगणारा, फुटणारा आणि हात भाजविणारा हा चुना स्वभावाने इतका तीव्र असतो की त्याच्या पृष्ठावर येणाऱ्या मिथेनॉलकडून तो एक प्रोटॉन हिरावून घेतो, आणि असा उघडा पडलेला मिथेनॉल तेलाच्या रेणूवर तुटून पडतो. मिथेनॉलचा उकळबिंदू ६४.७ अंश, त्याच्या किंचित खालीच चुना काम करतो, त्यामुळे दाबाच्या भांड्याची गरज लागत नाही. गवंड्याच्या आणि पानवाल्याच्या ओळखीचा हा पदार्थ बायोडिझेलच्या भांड्यात येऊन सोड्याची बरीचशी जागा घेऊ शकतो, हे प्रथम स्वतः पाहिले त्या दिवशीचा आनंद मी विसरलेलो नाही : नरसाळ्यात दोन थर स्वच्छ वेगळे झाले होते, खालचा ग्लिसरीनचा थर काकवीसारखा गडद आणि वरचा मधासारखा पारदर्शक, आणि दोहोंमधली रेषा सुरीने कापल्यासारखी सरळ होती.

पण चुन्याचे दोष झाकून ठेवून त्याचे गुण गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पहिला दोष त्याच्या साठवणीचा. एका पावसाळ्यात भाजलेल्या चुन्याच्या बाटलीचे बूच माझ्याकडून सैल राहिले, आणि दोन आठवड्यांनी त्याच चुन्याने तेच तेल घेऊन काम केले तेव्हा जवळजवळ काहीच घडले नाही. हवेतील ओलावा आणि कर्बवायू शोषून त्याच्या पृष्ठाची फकी होऊन गेली होती. पुन्हा भाजल्यावर तो ताळ्यावर आला. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. चुना थोडा विरघळतो; क्रियेत निघणाऱ्या ग्लिसरीनशी संयोग पावून त्याचे एक वेगळेच संयुग बनते, आणि कॅल्शियमचा काही अंश इंधनात व ग्लिसरीनमध्ये उतरतो. युरोपीय मानकानुसार कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅमांहून अधिक चालत नाहीत, म्हणजे हा अंश काढून टाकणे भाग पडते. तिसरा दोष असा की मोकळी आम्ले फार असली तर चुनाही साबणच करतो, फक्त तो कॅल्शियमचा असतो. म्हणून चुन्यावर जे संशोधन झाले त्याचा मोठा भाग त्याला दुसऱ्या एखाद्या ऑक्साइडाच्या सोबतीने बांधून ठेवण्याचा आहे.

मोकळ्या आम्लांना न घाबरणारे उत्प्रेरक वेगळ्या कुळातले आहेत. ते स्वतःच आम्लधर्मी असल्यामुळे मोकळ्या मेदाम्लाचेही मिथेनॉलशी लग्न लावून त्याचे इंधन करतात, आणि वाईट तेलाचा जो दोष तोच त्यांच्या हाती कच्चा माल होतो. गंधकाम्लाने संस्कारलेला झिर्कोनिया यांत मोडतो, आम्लधर्मी रेझिनचे मणी मोडतात, आणि २००५ साली जपानी संशोधकांनी साखर अर्धवट कोळसवून व तिच्यावर गंधकाम्लाची क्रिया करून बनविलेला काळा भुगाही त्यांतच येतो. या मालिकेतले पुण्यातील काम मला विशेष मोलाचे वाटते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी, डॉ. श्रीनिवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह आणि जस्त यांना सायनाइड गटांनी जोडून एक घन द्रव्य सिद्ध केले व त्यावरील काम २००६ साली प्रसिद्ध केले. प्रशियन निळ्या रंगाचे हे दूरचे नातलग. याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवणारा आहे, आणि म्हणूनच तेलातील पाणी किंवा एस्टर होताना सुटणारे पाणी त्याची जागा अडवून बसत नाही. तेलाचे एस्टरही होते आणि मोकळ्या आम्लाचेही होते, एकाच भांड्यात. पाषाण रस्त्यावरील त्या संस्थेच्या फाटकापासून थोड्या अंतरावर वडापावच्या गाड्या उभ्या असतात, आणि त्या कढयांतील तेलाला उत्तर त्याच रस्त्यावर शोधले गेले होते हे मनात आले की मला समाधान वाटते.

मात्र या आम्लधर्मी मंडळींची फी थोडी जबर असते. साठ अंशांवर ती आळसावतात. दीडशे, पावणेदोनशे अंश उष्णता मागतात, आणि तितक्या उष्णतेवर मिथेनॉल द्रव राखावयाचा तर दाबाचे भक्कम पोलादी भांडे आले. फ्रान्समध्ये सेत या बंदरगावी २००६ साली जो मोठा कारखाना सुरू झाला, त्यात जस्त व ॲल्युमिनियम यांच्या संयुक्त ऑक्साइडाच्या थरातून तेल व मिथेनॉल अखंड वाहते ठेवले जातात, ग्लिसरीन ९८ टक्क्यांहून अधिक शुद्ध मिळते आणि धुणे-निववणे टळते. परंतु तेथेही उष्णता दोनशे अंशांच्या घरातली आहे, आणि ती योजना स्वच्छ तेलासाठी आखलेली आहे, काळ्या तळणासाठी नव्हे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. शोधनिबंधांत शंभरातील अठ्ठ्याण्णव भाग इंधन मिळाल्याचे आकडे पानोपानी आढळतात आणि ते बहुधा खरे असतात. पण तो आकडा पहिल्या दिवसाचा असतो. घन उत्प्रेरकाची परीक्षा पहिल्या वापराला होत नाही, ती दहाव्या वापराला होते. आणि त्याही आधी एक चाचणी अवश्य करावी. क्रिया अर्ध्यावर आली असताना द्रव गरम असतानाच गाळून उत्प्रेरक बाहेर काढावा आणि उरलेला द्रव तसाच तापवीत ठेवावा. त्यानंतरही इंधन वाढत राहिले, तर काम घन पदार्थ करीत नव्हता, त्यातून विरघळून गेलेला अंश करीत होता, हे कबूल करावे. ही चाचणी न देता केलेला पुनर्वापराचा दावा मी या पुस्तकात कोठेही जमेस धरलेला नाही. त्यामुळे काही प्रसिद्ध पदार्थ येथे गाळले गेले आहेत, याची मला जाणीव आहे.

उत्साहाच्या भरात आकडे कसे फुगतात याचा दाखला आपण पाहिलेला आहे. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली मोगली एरंडाच्या लागवडीवर भिस्त ठेवून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट मांडले. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय भरघोस बी देणारे झुडूप म्हणून त्याची कीर्ती झाली, आणि ज्या शेतकऱ्यांनी त्या कीर्तीवर विसंबून बांध व माळ त्याच्या हवाली केले त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे सबुरीचे उद्दिष्ट ठेवले आहे व त्यात वापरलेल्या तेलाला स्थान दिले आहे. तळणाच्या तेलाने देशाची डिझेलची भूक भागणार नाही, तिचा लहानसा घासच त्यातून निघेल. हे सुरुवातीलाच सांगून ठेवले म्हणजे उद्या कोणी फसवणुकीचा आरोप करणार नाही. परंतु या तेलासाठी नवी जमीन लागत नाही, नवे पाणी लागत नाही, आणि ते गोळा झाले नाही तर जेथे जाते ती जागा गटार तरी असते किंवा माणसाचे पोट.

मिथेनॉलविषयी चार शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे. तो विषारी आहे. थोड्या मात्रेनेही दृष्टी जाते, अधिक मात्रेने प्राण जातात, आणि विषारी दारूच्या कित्येक दुर्घटनांत माणसे मारणारा तोच असतो. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. या पुस्तकातील कोणताही प्रयोग स्वयंपाकघरात, उघड्या जाळावर किंवा बंद खोलीत करू नये. प्रयोगशाळेतील वायुवीजन, हातमोजे आणि जाणत्या माणसाची देखरेख यांवाचून करू नये.

परिभाषेत मी कर्मठपणा केलेला नाही. उत्प्रेरक, मेदाम्ल, एस्टर, मिथेनॉल हे शब्द जसे रुळले आहेत तसे ठेवले; जेथे भट्टीवाल्याचा किंवा तेल्याचा शब्द उपलब्ध होता तेथे तो आनंदाने घेतला. चुन्याच्या प्रकरणात जी भाजण्याची रीत दिली आहे ती कोकणातील एका वृद्ध भट्टीवाल्याने, शिंपले पुरते भाजले की नाही हे फोडल्यावर येणाऱ्या आवाजावरून कसे ओळखावे, हे मला भट्टीच्या तोंडाशी बसवून समजाविले होते, तीवर आधारलेली आहे. उष्णतामापक मी नंतर लावला.

आणि ज्या फरसाणवाल्या गृहस्थांनी पहिल्या फसलेल्या प्रयोगापासून आजतागायत दर शनिवारी कढईतले तेल माझ्यासाठी बाजूला काढून ठेवले, त्यांचा मी ऋणी आहे. गाडीवाल्यांकडून त्या डब्याला पैसे मिळत असताना त्यांनी माझ्याकडून कधी पैसा घेतला नाही. दुकानाच्या मागल्या ओसरीत पंधरा किलोंचा तो डबा वेगळा ठेवलेला असे, आणि नोकराने चुकून तो कोणाला विकू नये म्हणून त्यांनी त्यावर स्वतःच्या हाताने, खडूने, ‘मास्तरांचे तेल’ असे लिहून ठेवले होते.